दोनदा चॅम्पियन टीम उभी केली आणि दोन्ही वेळा स्वतःच्या हातानं विकून टाकली

बेसबॉलच्या फॅनला हरलेल्या मॅचचं दुःख ऑक्टोबरपर्यंत पुरतं. खरा जीव जळतो तो त्यानंतर. हिवाळ्यात मैदानं बंद असतात आणि त्या चार-पाच महिन्यांत टीमचा मालक ठरवतो की कोणाला ठेवायचं, कोणाला विकायचं आणि खिशात हात घालायचा की नाही. फॅनच्या हातात काहीच नसतं. रोज सकाळी पेपर उघडायचा आणि आपला लाडका खेळाडू अजून आपल्याकडेच आहे ना, एवढं बघायचं.

डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात लोकांनी असाच पेपर उघडला. बातमी होती की एडी कॉलिन्स विकला गेला. ५० हजार डॉलर्सला, शिकागोच्या टीमला.

कॉलिन्स म्हणजे कोणी साधा गडी नव्हता. वय २७, त्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेलेला. त्याच्या टीमनं, म्हणजे फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सनं, पाच वर्षांत चार वेळा लीग जिंकली होती आणि तीन वेळा वर्ल्ड सिरीज. अशा टीमचा कणा कोणी विकतं का?

विकणारा माणूस होता कॉनी मॅक. टीमचा मॅनेजरही तोच आणि अर्धा मालकही तोच. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे क्रिकेटमधला कोच आणि कॅप्टन एकाच माणसात कोंबल्यासारखं. या माणसानं एकाच टीमचं मॅनेजरपद सलग ५० वर्षं सांभाळलं. सगळ्यात जास्त मॅच जिंकलेला मॅनेजर तोच, आणि सगळ्यात जास्त हरलेलाही तोच.

त्याचं खरं नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी. जन्म डिसेंबर १८६२ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ईस्ट ब्रुकफिल्ड या छोट्या गावातला. आईवडील आयर्लंडहून आलेले. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात लढून आले ते तब्येत घालवूनच. त्यामुळं पोरगं नवव्या-दहाव्या वर्षापासूनच कापडगिरणीत कामाला जायला लागलं, पुढं बुटांच्या कारखान्यात. शाळा अर्ध्यातच सुटली. उंची सहा फुटांच्या वर आणि अंगानं काटकुळा. बेसबॉलमध्ये तो कॅचर झाला, म्हणजे आपल्याकडच्या विकेटकीपरसारखा.

हा कॅचर भलताच बिलंदर होता. त्या काळी चेंडू बॅटला निसटता लागून कॅचरच्या हातात गेला की बॅट्समन आऊट असायचा. मॅक हातानंच तसा टक् आवाज काढायचा आणि अंपायर बोट वर करायचा. बॅट्समन फटका मारायच्या क्षणी त्याच्या बॅटला हळूच धक्का द्यायचीही सवय होती. पुढं लोकांनी त्याला संतमहात्मा करून टाकलं, तेव्हा ही बाजू विसरायला नको.

आणखी एक गोष्ट विसरायला नको. १८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड केलं होतं. त्या काळी करारात एक अट असायची. तिच्यामुळं खेळाडूचा करार संपला तरी तो टीम सोडून जाऊ शकत नव्हता. मालक देईल तो पगार घ्यायचा, नाहीतर घरी बसायचं. मालकानं मात्र त्याला वाटेल तेव्हा दुसऱ्याला विकावं. या अटीला वैतागून खेळाडूंनी स्वतःचीच लीग काढली. मॅक त्या बंडात सामील तर झालाच, वर बफेलोच्या टीममध्ये त्यानं स्वतःची साठवलेली पुंजी घातली. लीग एका वर्षात बुडाली आणि पुंजीही.

म्हणजे मालकाच्या मर्जीवर जगणं काय असतं हे त्याला माहीत होतं, आणि बेसबॉलमध्ये पैसा कसा बुडतो हेही. पुढच्या आयुष्यात त्याला यातली दुसरी गोष्टच जास्त लक्षात राहिली असं दिसतं.

१९०१ मध्ये अमेरिकन लीग ही नवी मोठी लीग सुरू झाली आणि फिलाडेल्फियाची टीम उभी करायचं काम मॅककडं आलं. पैसेवाला भागीदार होता बेन शायब, बेसबॉलचे चेंडू बनवणाऱ्या कंपनीतला. मॅकचा वाटा सुरुवातीला चार आण्यांचा, पुढं तो आठ आण्यांवर गेला. दुसऱ्या लीगमधला न्यूयॉर्कचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यानं १९०२ मध्ये या टीमला पांढरा हत्ती म्हणून हिणवलं. नुसता पोसायचा, उपयोग काही नाही. मॅकनं ते मनावर न घेता पांढरा हत्तीच टीमचं चिन्ह करून टाकला आणि त्याच वर्षी लीग जिंकून दाखवली.

मॅनेजर म्हणून तो वेगळाच होता. बाकीचे मॅनेजर खेळाडूंसारखा गणवेश घालायचे, हा सूट, ताठ कॉलर आणि टाय घालून बाकावर बसायचा. हातात स्कोअरकार्ड. ते हलवून तो लांबवरच्या फिल्डरला इकडं सरक, तिकडं सरक असं खुणावायचा. शिवीगाळ जवळपास नाहीच. खेळाडू त्याला मिस्टर मॅक म्हणायचे. कॉलेजात शिकलेली पोरं हुडकून त्यांना डोकं वापरून खेळायला लावणं ही त्याची खासियत. १९०९ मध्ये टीमसाठी शायब पार्क उभं राहिलं. बेसबॉलमधलं स्टील आणि काँक्रीटचं ते पहिलं स्टेडियम. मॅकइनिस, कॉलिन्स, बॅरी आणि बेकर या चौघांच्या फळीला तर लोकांनी एक लाख डॉलर्सची फळी असं नाव दिलं होतं. १९१०, १९११ आणि १९१३ ची वर्ल्ड सिरीज मॅकच्या टीमनं मारली.

आणि मग १९१४ उजाडलं.

त्या वर्षी फेडरल लीग नावाची तिसरी मोठी लीग बाजारात उतरली. मालक गब्बर, आणि ते दुसऱ्यांच्या खेळाडूंना दुप्पट-तिप्पट पगाराचं आमिष दाखवायला लागले. मॅकची टीम यामुळं आतून फुटली. अर्धी पोरं जायच्या विचारात, अर्धी पगारवाढ मागणारी. तरीही त्यांनी लीग जिंकली, पण वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टन ब्रेव्ह्जनं त्यांना ४-० असं धुतलं. ही ब्रेव्ह्जची टीम जुलैच्या सुरुवातीला आपल्या लीगमध्ये तळाला होती, यावरून नाचक्की किती झाली याचा अंदाज येईल.

पण मॅकला जास्त लागलेली गोष्ट वेगळी होती. १९१३ मध्ये शायब पार्कवर पावणेसहा लाखांच्या आसपास लोक आले होते. १९१४ मध्ये टीम तितकीच जबरदस्त खेळली तरी आकडा साडेतीन लाखांच्या खाली घसरला. जिंकणाऱ्या टीमचं लोकांना काही वाटेनासं झालं होतं. खेळाडू मात्र चॅम्पियन झाल्यामुळं पगार वाढवून मागत होते. टीव्हीचे हक्क नाहीत, जर्सीवर जाहिरात नाही. जे काही उत्पन्न ते गेटवरच्या तिकिटांचं. इतर मालकांचे दारूचे, जमिनींचे धंदे होते. मॅकचा धंदा एकच, बेसबॉल.

बेंडर आणि प्लँक हे त्याचे दोन दिग्गज पिचर फेडरल लीगला गेले. कॉलिन्स शिकागोला विकला. बेकरनं पगार वाढवून मागितला, मॅकनं नकार दिला, तर पठ्ठ्या १९१५ चा अख्खा सीझन घरी बसला आणि पुढं न्यूयॉर्क यँकीजला विकला गेला. बॅरी बोस्टन रेड सॉक्सला गेला. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज रेड सॉक्सनं जिंकली.

फिलाडेल्फियात काय झालं? १९१४ मध्ये ९९ मॅच जिंकणाऱ्या टीमनं १९१५ मध्ये जिंकल्या ४३ आणि हरल्या १०९. पुढच्या वर्षी तर ३६ जिंकल्या, ११७ हरल्या. १९०० नंतर दोन मोठ्या लीगमध्ये जिंकण्याची इतकी वाईट टक्केवारी आजपर्यंत कोणाची झालेली नाही. सलग सात वर्षं टीम तळाला राहिली. १९१५ मध्ये प्रेक्षकांचा आकडा दीड लाखाच्याही आत आला. लोक येत नाहीत म्हणून खेळाडू विकले, आणि खेळाडू विकले म्हणून उरलेले लोकही यायचे बंद झाले.

इथं फॅन्सचा राग समजण्यासारखाच आहे. फेडरल लीग १९१५ च्या सीझननंतर बंद पडली. मॅकनं एक वर्ष कळ काढली असती, थोडं कर्ज काढलं असतं, तर निम्मी तरी टीम वाचली असती. त्याच लीगशी इतर मालकही झुंजतच होते, पण आपली टीम अशी मोडीत कोणी काढली नाही.

तरी मॅकला हाकलणार कोण? मालकच तो.

पण या कथेत एक वळण आहे. त्या सात काळ्या वर्षांनंतर मॅकनं, वयाची साठी ओलांडलेल्या माणसानं, सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. आणि या वेळी हात आखडता घेतला नाही. अल सिमन्स, मिकी कॉक्रन, जिमी फॉक्स अशी पोरं त्यानं वेचून आणली. लेफ्टी ग्रोव्ह या पिचरसाठी बाल्टिमोरच्या क्लबला त्यानं १ लाख ६०० डॉलर्स मोजले. वरचे सहाशे कशाला? तर यँकीजनं बेब रूथला घेताना एक लाख दिले होते, आणि हा आकडा त्याहून मोठा दिसायला हवा होता.

१९२९, १९३० आणि १९३१. तीन वर्षं सलग लीग, त्यातली पहिली दोन वर्षं वर्ल्ड सिरीजसुद्धा. रूथ आणि गेरिगची यँकीज समोर असताना. १९२९ च्या सिरीजच्या चौथ्या मॅचमध्ये टीम शिकागो कब्जविरुद्ध ०-८ अशी मागं होती आणि एकाच डावात दहा रन काढून तिनं मॅच फिरवली. फिलाडेल्फियानं मॅकला त्या वर्षीचा शहराचा मानाचा बॉक पुरस्कार दिला, दहा हजार डॉलर्सचा. १९१४ विसरलं गेलं.

ती वर्ल्ड सिरीज संपली १४ ऑक्टोबर १९२९ ला. त्यानंतर बरोबर पंधराव्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

मंदीत कारखाने बंद पडले आणि फिलाडेल्फिया हे तर कारखान्यांचंच शहर. १९२९ मध्ये आठ लाखांच्या वर असलेला प्रेक्षकांचा आकडा १९३२ मध्ये चार लाखांवर आला आणि १९३३ मध्ये तीन लाखांच्याही खाली. त्यात पेनसिल्व्हेनिया राज्यात जुन्या धार्मिक कायद्यामुळं रविवारी मॅच खेळायला बंदी होती. कामगारांना सुट्टी असायची त्याच दिवशी स्टेडियमला कुलूप. हा कायदा १९३३ च्या शेवटी मतदानानं बदलला, पण तोवर उशीर झाला होता. बँकांचं कर्ज डोक्यावर, आणि टीमचा पगार बेसबॉलमधल्या सर्वांत मोठ्या पगारांपैकी एक.

सप्टेंबर १९३२ मध्ये पहिला घाव पडला. सिमन्स, जिमी डाइक्स आणि म्यूल हास हे तिघं एकदमच शिकागो व्हाइट सॉक्सला विकले गेले. पुढच्या वर्षी १२ डिसेंबरला, एकाच दिवसात, ग्रोव्हसह तिघं रेड सॉक्सला गेले सव्वा लाख डॉलर्स आणि दोन खेळाडूंच्या बदल्यात. कॉक्रन डेट्रॉइटला गेला एक लाख आणि एका खेळाडूच्या बदल्यात. पिचर अर्नशॉ शिकागोला. उरला फॉक्स. १९३३ मध्ये सरासरी, होमरन आणि धावा आणणं या तिन्हीत तो लीगमध्ये पहिला होता, आणि तरीही त्याच्यासमोर पगार कापायचा प्रस्ताव ठेवला गेला. डिसेंबर १९३५ मध्ये दीड लाखाच्या सौद्यात तोही बोस्टनला गेला.

बोस्टनचा नवा मालक टॉम यॉकी हा गडगंज वारसा मिळालेला तरुण होता. त्याच्या वतीनं क्लबचा कारभार बघणारा माणूस कोण होता माहितीये? एडी कॉलिन्स. १९१४ मध्ये विकला गेलेला तोच.

गेलेल्यांनी तिकडं काय केलं हे फिलाडेल्फियाच्या लोकांना रोज पेपरात वाचायला मिळत होतं. कॉक्रन डेट्रॉइटचा खेळाडू-मॅनेजर झाला, पहिल्याच वर्षी लीग जिंकला आणि १९३५ मध्ये वर्ल्ड सिरीज. फॉक्सनं १९३८ मध्ये बोस्टनकडून ५० होमरन मारले. अ‍ॅथलेटिक्स १९३५ मध्ये तळाला गेले, १९३६ मध्येही तळालाच.

त्याच काळात मॅकनं असं एक काम केलं की लोकांचं डोकंच सटकलं. शायब पार्कच्या उजव्या बाजूला विसाव्या रस्त्यावर घरांची रांग होती. त्या घरांच्या गच्चीवरून मैदान स्वच्छ दिसायचं. घरवाले गच्चीवर बाकडी टाकायचे आणि पैसे घेऊन लोकांना मॅच दाखवायचे. चांगल्या दिवसांत क्लबनं ते खपवून घेतलं. तिकिटं खपेनाशी झाली तेव्हा १९३५ च्या सीझनआधी १२ फुटांच्या भिंतीवर पत्रे ठोकून ती ३४ फुटांची करण्यात आली. शेजाऱ्यांनी तिला नाव ठेवलं खुन्नसची भिंत. मैदानात बघण्यासारखं काही उरलेलं नसताना ती बांधली गेली, हे त्यातलं विशेष.

दुसऱ्या विक्रीबद्दल मॅकला फार दोष देता येत नाही. मंदीत भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं, त्याच्याकडं बेसबॉलशिवाय दुसरी मिळकत नव्हती आणि बँका काही फॅन नव्हत्या. पण दोष आहे तो त्यानंतरच्या वर्षांचा. पहिल्यांदा टीम मोडल्यावर त्यानं पुन्हा उभी केली होती. दुसऱ्यांदा मोडल्यावर ती त्याच्या हयातीत कधीच उभी राहिली नाही.

कारण बेसबॉल बदललं होतं. सेंट लुइसमध्ये ब्रँच रिकीनं छोट्या गावांतल्या क्लबांचं जाळंच विकत घेतलं होतं. तिथं पोरं तयार करायची आणि पिकली की वर आणायची. यँकीजनंही तेच केलं. मॅक मात्र ओळखीपाळखीतून, कॉलेजच्या कोचांच्या पत्रांवरून आणि छोट्या क्लबांशी असलेल्या जुन्या दोस्तीतून खेळाडू शोधत राहिला. १९३७ मध्ये तो क्लबचा अध्यक्षही झाला. मॅनेजर तोच, खेळाडू घेणारा-विकणारा तोच, तिजोरीची किल्ली त्याच्याच कमरेला. त्याला चूक दाखवणारं कोणी उरलं नाही.

जे थोडे हिरे हाती लागले तेही निसटले. जॉर्ज केलला १९४६ मध्ये डेट्रॉइटला देऊन टाकलं. नेली फॉक्स या पोराला १९४९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर शिकागोला दिलं, बदल्यात घेतला एक राखीव कॅचर. हे दोघंही पुढं बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचले. कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी मोठ्या लीगचं दार १९४७ मध्ये उघडलं, आणि कमी पैशात अव्वल खेळाडू मिळवायची ती सर्वांत मोठी संधी होती. अ‍ॅथलेटिक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू बॉब ट्राइस मैदानात उतरला सप्टेंबर १९५३ मध्ये. तोवर मॅक निवृत्त झालेला होता.

१९३५ ते १९४६ या बारा वर्षांत टीम नऊ वेळा तळाला होती. शेवटच्या वर्षांत ऐंशी पार केलेला मॅक बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. भलत्याच खुणा करायचा आणि कोच गुपचूप त्या बदलायचे, असं त्या काळातले लोक सांगायचे. बॅटिंगला पाठवायला तो कधीकधी बेकरला किंवा फॉक्सला हाक मारायचा, असंही सांगतात. म्हणजे ज्यांना त्यानंच विकलं होतं त्यांना.

१९५० मध्ये त्याच्या मॅनेजरकीची पन्नाशी थाटात साजरी झाली. टीम १०२ मॅच हरली आणि पुन्हा तळाला गेली. त्याच वर्षी त्याच शायब पार्कमध्ये भाडेकरू म्हणून खेळणाऱ्या फिलीज या शहरातल्या दुसऱ्या टीमनं आपली लीग जिंकली. आयुष्यभर दुय्यम राहिलेला भाडेकरू घरमालकाच्या डोळ्यांदेखत वरचढ झाला. ऑक्टोबरमध्ये मॅकनं मॅनेजरपद सोडलं. वय ८७. खात्यावर ३,७३१ विजय आणि ३,९४८ पराभव.

त्याच्या जागी कोण आलं? जिमी डाइक्स. १९३२ मध्ये शिकागोला विकलेल्या तिघांपैकी एक. विकले गेलेले खेळाडू मॅकवर डूख धरून बसले नाहीत ही या माणसाबद्दलची सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे. सिमन्स पुढं कोच म्हणून परत आला, कॉक्रन १९५० मध्ये क्लबच्या कामाला परत आला, आणि फेडरल लीगला गेलेला बेंडरसुद्धा म्हातारपणी त्याच क्लबचा कोच होता. राग धरला तो फॅन्सनी. कारण खेळाडूंना जायला दुसरी टीम होती. फॅन्सना नव्हती.

यानंतर घरात भाऊबंदकी सुरू झाली. पहिल्या बायकोची मुलं रॉय आणि अर्ल एका बाजूला, दुसऱ्या बायकोचा मुलगा कॉनी ज्युनियर दुसऱ्या बाजूला. रॉय आणि अर्लनी क्लब गहाण टाकून बाकीच्यांचे वाटे विकत घेतले. आता पैसा कर्जाच्या हप्त्यांत जायला लागला, खेळाडूंना उरला नाही. १९५४ मध्ये टीम १०३ मॅच हरली आणि अख्ख्या सीझनमध्ये आलेले लोक तीन लाखांच्या जेमतेम वर. टीम वाचवा म्हणून शहरात मोहीम निघाली, पण लोक तिकीट काढून मैदानात काही आले नाहीत. चाळीस वर्षांत दोनदा हात पोळलेल्या लोकांना तिसऱ्यांदा भरवसा ठेवा म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? नोव्हेंबरमध्ये शिकागोचा व्यावसायिक अर्नोल्ड जॉन्सन यानं क्लब विकत घेतला आणि कॅन्सस सिटीला नेला. या वेळी हिवाळ्यात खेळाडू नाही, अख्खी टीमच गेली.

मॅक ८ फेब्रुवारी १९५६ ला फिलाडेल्फियातच वारला, वय ९३.

टीम कॅन्सस सिटीतही टिकली नाही. १९६८ मध्ये ती ओकलंडला गेली. मनीबॉल सिनेमातली कमी पैशात खेळाडू शोधणारी टीम ती हीच. तिथंही चार्ली फिन्ली या मालकानं वर्ल्ड चॅम्पियन टीमचे तारे १९७६ मध्ये रोखीनं विकायला काढले होते, तेव्हा बेसबॉलच्या आयुक्तांनी तो व्यवहारच रद्द केला. जून २०२३ मध्ये मालक खर्च करत नाही आणि टीम लास व्हेगासला न्यायला निघालाय म्हणून ओकलंडच्या २७ हजारांहून जास्त फॅन्सनी मुद्दाम एका साध्या मंगळवारी स्टेडियम भरलं आणि टीम विका असं लिहिलेले शर्ट घालून ते बसले. २०२४ च्या सीझननंतर टीम ओकलंडमधूनही गेली. हत्ती मात्र अजून टीमसोबत आहे.

फिलाडेल्फियातलं शायब पार्क, ज्याला १९५३ मध्ये मॅकचंच नाव दिलं होतं, ते १९७६ मध्ये पाडलं. त्या जागी आता चर्च आहे. स्कोअरकार्ड उंचावलेला मॅकचा पुतळा मात्र शहरात शाबूत आहे. तो उभा आहे फिलीजच्या स्टेडियमबाहेर.